न दाखवलेलं रीळ

कॅमेरा हातात घ्यायच्या आधी आण्णा चपला काढून ठेवत. देवळाच्या पायरीशी ठेवाव्यात तशा, जोडीनं, एका बाजूला. नवख्याला वाटे, हा माणूस कॅमेऱ्याची पूजा करतो की काय. कारण साधं होतं. डोळा कॅमेऱ्यात असला की पायाखालचं दिसत नाही, आणि मुंगी पायाला कळते, चपलेला कळत नाही.

"मॅनेजर, तुझेबी बूट काढ," ते मला म्हणायचे. "बुटाच्या तळाला जीव हाय काय? न्हाई न्हवं? मग त्याला दुसऱ्याचा जीव कसा कळंल?"

मॅनेजर म्हणजे मी. नोकरी माधवनगरच्या एका कापडगिरणीत टाइमकीपरची. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आण्णांच्या सिनेमाचा मॅनेजर. बैलगाडी मिळव, नदीवर होडी मिळव, कुणाच्या तरी ओसरीवर दोन तास बसायची परवानगी काढ, ही माझी कामं. आज पन्नाशी ओलांडल्यावर आण्णांची आठवण निघाली की ऐकणारे हसतात, कारण त्यांच्या गोष्टी हसण्यासारख्याच आहेत. मला मात्र हसू येत नाही. आण्णा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, असं सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. ते त्यांना जमलं याचं एक कारण मी होतो. त्यांच्या वाटणीचं खोटं मी बोलत होतो.

सांगलीतल्या हळदीच्या एका जैन अडत्याचे ते धाकटे चिरंजीव. पेढी थोरले भाऊ बघत. आण्णांच्या वाट्याला गोदामाच्या किल्ल्या आणि भरपूर वेळ आला होता. लग्न त्यांनी केलं नव्हतं. गोदामातल्या हळदीनं त्यांची नखं कायम पिवळी असत. परदेशी परत निघालेल्या एका डॉक्टरकडून त्यांनी चावी देऊन चालवायचा जुना कॅमेरा घेतला आणि आपण सिनेमा करायचा असं ठरवून टाकलं. भावानं विचारलं, "कशापायी?" तर म्हणाले, "हळद विकून माणसं पिवळी झाली, शहाणी झाली न्हाईत."

दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून दिवे लावून चित्रण करायचं नाही. त्यामुळे आमच्या सिनेमात रात्र नव्हती. "रात्री माणसं झोपत्यात. त्यात काय बघायचं?" सूर्य कलला की काम कितीही रंगात आलेलं असो, ते डबा उघडून जेवायला बसत, कारण दिवस बुडाल्यावर खायचं नाही.

एकदा रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणा प्राध्यापकानं त्यांना सांगितलं की फिल्मवर जो थर असतो त्यात जनावरांच्या हाडांचं सरस असतं. आण्णांनी कॅमेरा फडक्यात बांधला आणि एकभुक्त राहू लागले. सिनेमा बुडाला असं मी धरून चाललो. आठवड्यानं त्यांनी मला बोलावलं. गाल आत गेले होते.

"मॅनेजर, जो जीव गेला तो काय परत यायचा न्हाई. पण त्याची हाडं उधळायची न्हाईत. इथनं पुढं एक दृश्य एकदाच घ्यायचं. चुकलं तर चुकलेलं राहू दे."

तेव्हापासून आमच्याकडे दुसरा टेक नव्हता. होडीच्या दृश्यात नावाडी मध्येच शिंकला, ती शिंक सिनेमात आहे. वडूजच्या बाजारात एकदा चित्रण केलं, तर सगळा बाजार कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. एकानं टोपी सारखी केली, एकानं खिशातून कंगवा काढला. तेही दृश्य तसंच राहिलं. आण्णा त्या दिवशी फार खिन्न होते. "माणसं कॅमेरा बघून खोटी होत्यात की रे," एवढंच म्हणाले. हे वाक्य मी लक्षात ठेवलं, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

सिनेमाची गोष्ट त्यांना एका हॉटेलात सुचली होती. सांगलीत इंजिनीअरिंग शिकायला आफ्रिकेतली काही मुलं आलेली असत. आत बाकडी रिकामी होती, तरी मालकानं त्यांच्यातल्या दोघांना चहा बाहेर दिला, वेगळ्या कपात. आण्णा आत बसले होते. ते आपला पेला घेऊन बाहेर गेले आणि त्या मुलांच्या शेजारी उभे राहून चहा प्याले. घरी आल्यावर मला म्हणाले, "मुंगीला वाट देतो आपण. आणि ह्या पोरास्नी बाकडं देत न्हाई."

त्या दोघांतला एक जोसेफ. केनियाचा, मोठ्या तळ्याकाठच्या गावचा, शेवटच्या वर्षाला. उंच, शांत, आणि मेसमधल्या वाढप्यांकडून मराठी शिकलेला. सिनेमात काम करशील काय, असं आण्णांनी विचारल्यावर तो जरा वेळ विचार करून म्हणाला, "आण्णा, तुमचे लोक आमच्या गावात दुकान लावतात. ठीक आहे. मी तुमच्या गावात पिक्चर लावतो."

गोष्ट अशी होती: परदेशातून शिकायला आलेला मुलगा आणि एक खेड्यातली मास्तरीण. त्यांचं एकमेकांवर मन बसतं. गाव नाही म्हणतं. शेवटी तेच गाव मांडवात उभं राहतं आणि त्यांचं लग्न लावतं. बस्स. आण्णांना हा शेवट जिवापाड हवा होता. "एकदा तरी असं घडलेलं दिसू दे," म्हणायचे.

मास्तरणीसाठी मुलगी मी आणली. माझी मामेबहीण, शालन. उंब्रजजवळच्या खेड्यातली, सांगलीत शिक्षिकेचा कोर्स करायला राहिलेली. मोठ्यानं हसायची, कुणाचीही हुबेहूब नक्कल करायची. मामांची परवानगी काढणं हे मॅनेजरचं काम होतं. मी सांगितलं, शाळांसाठी साक्षरतेचा सिनेमा आहे, सरकार दाखवणार आहे.

मामा सुपारी कातरत होते. अडकित्ता न थांबवता म्हणाले, "भाच्या, पोरीचं नाव तुझ्या हातात देतोय. त्याला डाग लागला तर संपत सुट्टीवर आल्यावर तूच त्याच्याशी बोल. मी मधी पडणार न्हाई." संपत म्हणजे शालनचा थोरला भाऊ, माझ्याच वयाचा, फौजेत. लहानपणी त्यानं एकदा मला विहिरीत ढकललं होतं आणि मग स्वतःच उडी मारून काढलं होतं. तो दोन्ही करू शकतो हे मला माहीत होतं.

आण्णांना अभिनय चालत नसे. अभिनय म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं बोलायचं नाही हे त्यांचं व्रत. प्रत्येक वाक्याआधी ते विचारत, "हे तुला पटतंय काय?" नाही म्हटलं की ते वाक्य जाई. त्यामुळे सिनेमातली बोलणी कमी कमी होत गेली. दृश्य घ्यायच्या आधी शालन आणि जोसेफला ते तासन्‌तास गोदामाच्या कट्ट्यावर नुसते बसवत. "ओळख असल्याबिगर ओळख कशी दिसणार?" मीही तिथंच एका पोत्यावर बसे. ती त्याला मराठी शिव्यांचे अर्थ सांगे. तो तिला तळ्यातल्या माशांची नावं सांगे. आण्णा हातातला हिशेब सोडून ऐकत बसत.

एक वाक्य बरेच महिने अडून राहिलं होतं. कृष्णेच्या घाटावर मास्तरीण म्हणते, 'तुझ्याशिवाय मला करमत नाही.' आण्णा दर रविवारी विचारत, "शालन, पटतंय काय?"

"अजून न्हाई, आण्णा."

"मग राहू दे."

एका रविवारी आम्ही घाटावर पोचलो आणि आण्णांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आण्णा, आज घ्या."

उजेड तोंडावर पाडायला मी एक पत्रा धरून उभा होतो. तिनं ते वाक्य म्हटलं. जोसेफ काही बोलायचा होता, तो बोललाच नाही. कॅमेऱ्याची चावी संपून खट् आवाज आला तरी दोघं हलले नाहीत. पत्र्याचा उजेड पाण्यावर हलत होता. मला सगळं समजलं. त्या क्षणी मामाकडे जायला हवं होतं, नाहीतर शालनशी बोलायला हवं होतं, निदान आण्णांना तरी विचारायला हवं होतं. मी पत्रा बाजूला ठेवला आणि सगळ्यांसाठी भजी आणायला गेलो.

उरला शेवट. जोसेफची परीक्षा झाली होती, महिनाअखेरीला तो मायदेशी निघणार होता. त्याच्या आत लग्नाचं दृश्य घ्यायचं, एकदाच, आणि दिवसाउजेडी. तेवढं झालं की सिनेमा पुरा. दोन वर्षांचं काम त्या एका दुपारवर येऊन ठेपलं होतं. वडूजच्याही पलीकडचं, खटावच्या माळावरचं एक लहान गाव मी शोधलं, कारण तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. त्या गावात भटाशिवाय लग्न लावायची जुनी रीत होती. गावातलाच एक जाणता म्हातारा मंगलाष्टका म्हणे. सगळे त्याला तात्या म्हणत.

आण्णांनी सांगितलं, "सिनेमा हाय म्हणून सांग. जेवायला घालू. येतील ते येतील."

मी होय म्हटलं. पण माझ्या डोळ्यांपुढं तो वडूजचा बाजार होता, टोप्या सारख्या करणारा. मांडवातली शंभर माणसं कॅमेऱ्याकडे बघून दात काढायला लागली, तर दुसरा टेक नाही. म्हणून मी आदल्या दिवशी एक सनईवाला बरोबर घेतला, आण्णांच्या घरचे तांदूळ कुंकवात घोळवले, आणि घरोघर अक्षत देत फिरलो. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं असंच करतात. उंबऱ्याशी चार तांदूळ हातावर ठेवले की त्या घराला यावंच लागतं.

"सांगलीच्या आण्णांच्या मानलेल्या लेकीचं लगीन हाय. समद्यांनी यायचं."

"आन एवढ्या लांब का वं, पावनं?" एका बाईनं विचारलं.

"नवस हाय," मी म्हणालो. काही सुचायला वेळच लागला नाही.

दुष्काळ नुकताच सरला होता. एक तर लग्नाचं जेवण, शिवाय अक्षत आलेली. सगळं गाव आलं, लग्नाआधीच पंगती उठू लागल्या. नवरदेव मांडवात आल्यावर मात्र एकदम गलका थांबला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आवं पावनं, नवरा भट्टीतनं काढून आणलाय व्हय?"

खसखस पिकली. दोनतीन माणसं उठून उभी राहिली. एक बाई पोराला ओढत बाहेर चालली. जोसेफ बोहल्यावर ताठ उभा होता, त्याच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. आण्णा कॅमेऱ्याला चावी देत होते. गाव नाही म्हणतं ते दृश्य आम्ही कधीच घेतलं होतं, आणि ते फार मिळमिळीत झालं होतं. हे खरं होतं.

तात्या काठी टेकत पुढं आला. जोसेफला वर-खाली बघून म्हणाला, "शिरप्या, बस खाली. खटावच्या उन्हात चार वर्सं नांगर धरलास तर तूबी असलाच दिसशील. दिसशील काय, दिसतुयासच." हशा उसळला, पण आता वेगळा. "अक्षत घितली न्हवं हातावर? मग परत घिऊन जानार हाईस व्हय? बसा समदी."

आणि गाव बसलं. अजूनही मला ते आठवलं की अंगावर काटा येतो. कुरकुरत, कुजबुजत, पण बसलं. कॅमेऱ्याकडे एकानंही पाहिलं नाही. लग्नात फोटोवाला असतोच.

अंतरपाट धरायच्या आधी तात्यानं गावच्या रीतीप्रमाणं शालनला विचारलं, "पोरी, कुनी बळजबरी केली न्हाई न्हवं? तुझ्या मनानं हुबी हाईस?" हे आमच्या गोष्टीत नव्हतं. शालननं मान वर केली. "व्हय तात्या. माझ्या मनानं."

जोसेफला विचारलं. तो म्हणाला, "माझ्या पण."

मंगलाष्टका झाल्या. आण्णांचा एक डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता, दुसरा मिटलेला, आणि त्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. माझ्या मुठीतही अक्षता होत्या. चारी बाजूंनी तांदूळ उडाले तसे मीही टाकले, हसत हसत. सगळं जमून आलं म्हणून मी खुशीत होतो.

आण्णांनी कॅमेरा खाली घेतला. "झालं! भरून पावलो. शूटिंग संपलं!"

बायका ओटीचं साहित्य घेऊन पुढं येत होत्या. त्या थांबल्या.

"शूटिंग म्हंजे?" तात्यानं विचारलं.

"सिनेमाचं. ह्यानं सांगितलं न्हाई व्हय?" आण्णांनी माझ्याकडे बोट केलं, अगदी सहज, हसऱ्या तोंडानं. ते बोट तसंच राहिलं. माझा चेहरा बघून त्यांना कळलं.

"ह्या पावन्यानं अक्षत दिली आमाला," तात्या सावकाश म्हणाला. "नवस हाय म्हनला."

कुणीतरी वाटेवर बैलगाडी आडवी घातली. आमच्या टेंपोचा ड्रायव्हर मुकाट्यानं खाली उतरला. एका म्हातारीनं हातातलं जेवलेलं पान माझ्या पायाशी टाकलं. "दुस्काळात खडी फोडली, पर कुनाचं फुकट खाल्लं न्हाई आमी. लगीन म्हनून जेवलो. आमचा आशीर्वाद काय नाटकाचा हुता व्हय रं, मुडद्या?"

माणसं जवळ येत चालली. दिवस कासराभर वर होता. तात्यानं हात वर करून त्यांना थांबवलं आणि तो शालनकडे वळला.

"पोरी, मी इचारलं तवा तू व्हय म्हनलीस. ते खोटं बोललीस?"

शालननं खाली बघितलं. मुंडावळ्या वाऱ्यानं हलत होत्या. मग म्हणाली, "न्हाई तात्या. ते खरं हुतं."

जोसेफ एक पाऊल पुढं आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. "माझं पण खरं."

आणि तेव्हा मी ओरडलो. माझ्या डोळ्यांपुढं मामांचा अडकित्ता होता, संपत होता. मी तिचा दंड धरला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडलो, "खोटं आहे! नटी आहे ती! पैसे घेऊन काम करते! चल शाले, गाडीत बस!"

पैशाचं तर साफ खोटं होतं. तिला आण्णांकडून एक पैसा मिळाला नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं. दंड सोडवून घेतला नाही. मीच हात काढला.

तात्या आण्णांकडे गेला. "तुमचं लोक खोटं बोलत न्हाईत म्हनत्यात. तुमी सांगा. ही सांगती खरं, त्यो सांगतो खोटं. लगीन लागलं का न्हाई?"

आण्णा माझ्याकडे वळले. मग मला विचारलं, "मॅनेजर, अक्षतीचा तांदूळ कुठला?"

"आपल्या घरचा," मी पुटपुटलो.

"माझ्या डब्यातला?"

"हो."

"मग बोलावणं माझं झालं," आण्णा तात्याला म्हणाले. "देणारा खोटं बोलला, ते पाप माझ्या पदरात घाला. पण तांदूळ माझा. आणि मी ह्या भोकातनं बघालतो तवा मला लग्नच दिसलं. दोन वर्सं दोघांस्नी विचारालोय, पटतंय काय, पटतंय काय. आज तुम्ही विचारलं आणि ती व्हय म्हणाली. लागलं लग्न."

गाडी बाजूला झाली. कशी ते मला आठवत नाही. ओटी भरली, सनई पुन्हा सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "आण्णा, आता वरातीचा फोटू काढा की." आण्णा चपला घालत होते. म्हणाले, "न्हाई. आता मी मुलीकडचा हाय." कॅमेरा त्यांनी टेंपोत नेऊन ठेवला आणि वरातीबरोबर वेशीपर्यंत चालत गेले. त्यांच्या शेजारून कुणी चालावं असं मला वाटलं, पण मी मागं राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एसटीनं उंब्रज गाठलं. कुणी सांगण्याआधी आपण सांगावं म्हणून. आणि मामांना काय सांगितलं? शालननं मला फसवलं, आण्णांनी फूस लावली. मामांनी पूर्ण ऐकलं. मग परड्यात जाऊन त्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मामी चुलीपुढं बसून होत्या. त्या घरात त्या दिवसापासून तिचं नाव निघालं नाही.

जोसेफनं जाणं लांबवलं. सांगलीत रीतसर नोंदणी झाली, साक्षीला आण्णा. मी कामावर होतो. रजा काढता आली असती. मुंबईहून लग्नाचं रीळ धुऊन आलं ते आण्णांनी उघडलंही नाही. दोघं निघाली तेव्हा स्टेशनवर त्यांनी तो डबा शालनच्या हातात दिला, आहेर म्हणून. मला हे नंतर समजलं आणि मी भांडायलाच गेलो.

"आण्णा, दोन वर्षं घातली आपण! शेवटच देऊन टाकलात? सिनेमाला शेवट नाही आता!"

"लोकांच्या घरचं लग्न तिकीट लावून दाखवतोस काय?"

"पण त्याच्यासाठीच तर सगळं केलं!"

"तवा ते सिनेमातलं हुतं," आण्णा म्हणाले. मला ते रागावले नाहीत. त्यांनी मला कामावरून काढलं नाही. मॅनेजर म्हणणं तेवढं सोडलं, आणि दुसरं काही म्हणायलाही त्यांना सुचलं नसावं. नुसतं "अरे" म्हणायचे.

उरलेला सिनेमा त्यांनी जोडला. वर्षातून एकदा, एखाद्या दुपारी, गोदामाची दारं लावून, ओळखीच्या लोकांना ते तो दाखवत. नवरदेव मांडवाकडे निघतो तिथं चित्र संपायचं. पण आण्णा यंत्र बंद करत नसत. लग्नाचं रीळ जितका वेळ चाललं असतं तितका वेळ पांढरा पडदा तसाच उजळत ठेवत आणि स्वतः यंत्राशेजारी उभे राहत. लोकांना काही समजत नसे. कुणी खोकायचं, कुणी म्हणायचं, "आण्णा, फिल्म तुटली वाटतं." आण्णा बोटानं गप्प बसायची खूण करत.

दुसऱ्या वर्षीच्या दुपारी पांढरा पडदा नुकता लागला होता, आणि गोदामाचं दार उघडलं. उन्हात एक माणूस उभा होता, खांद्याला फौजी पिशवी. मी आवाजाच्या आधी उभं राहण्याची ढब ओळखली. संपत सुट्टीवर आला आहे हे मला चार दिवसांपूर्वी कळलं होतं. त्या चार दिवसांत मी गिरणीत जायची वाट बदलली होती.

तो पोत्यांमधून चालत पुढं आला. पडद्यावर त्याची सावली पडली. माणसं आपोआप बाजूला सरकली.

"आण्णा कोन?"

"मी," आण्णा म्हणाले. "शालनचा भाऊ न्हवं तू? बस."

"बसाय आलो न्हाई. लगीन लागताना कोन हुतं तिथं?"

"मी हुतो. पण मी त्या भोकातनं बघालतो," म्हणत आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच ते मला त्या जुन्या नावानं बोलले. "मॅनेजर मांडवात हुता. त्याला विचार."

संपत माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला गाडीच्या कोळशाचा वास येत होता.

"वडलांनी सांगितलं, तू म्हनलास समदं नाटक हुतं. खरं सांग, गड्या. अक्षता टाकल्यास तू?"

पांढऱ्या पडद्याचा उजेड त्याच्या अर्ध्या तोंडावर होता. नाही म्हणणं किती सोपं होतं. सुचायला मला कधीच वेळ लागत नसे.

"टाकल्या," मी म्हणालो.

"तुझ्या हातानं?"

"माझ्या हातानं."

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो शेजारच्या पोत्यावर बसला आणि त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग लागलं की रं," तो म्हणाला. "घरचं मानूस हुतं, अक्षता पडल्या. आनखी काय असतंय?"

यंत्र चालू होतं. मग तो आवाज बारीक करून, माझ्याकडे न बघता म्हणाला,

"लुगडं कसलं हुतं तिचं?"

"हिरवं," मी म्हणालो. "काठ तांबडे."

त्यानं मान हलवली. ते शब्द त्यानं ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहिले, विसरू नयेत म्हणून.

"आई इचारत हुती," तो म्हणाला.